तुझं कार्ड

प्रिय मित्रा,

पाच महिने झाले, तुझ्या तीन मेसेजना मी उत्तर दिलेलं नाही. कामाचं कारण सांगितलं असतं तर तू मानलंही असतंस, पण खरं कारण वेगळं आहे. तुझं सिरीयल कार्ड, संगणकातून एकेक बिट पाठवणारं-घेणारं, माझ्या हातून जळलं. तेच, तू वायर-रॅपवर, पिनांना तारा गुंडाळून केलेलं, ज्याच्या पाठीवर सरांनी पेन्सिलीने ‘पास’ लिहिलं होतं.

गुडघा बरा आहे, गोळ्या बंद झाल्या.

तुला माहीतच आहे, मी सहा स्लॉटचा बॅकप्लेन, म्हणजे कार्डं खोचायचा बोर्ड, करत होतो. जुन्या पीसीची आठ बिटांची बस (सगळ्या कार्डांच्या सामाईक लाइनी), ६२ पिना, दोन स्लॉटमध्ये आयबीएमच्या एक्सटी पीसीसारखं ०.८ इंच अंतर, आणि सीपीयूसुद्धा कार्डावरच. नव्या पॉवर सप्लायमध्ये उणे ५ व्होल्ट येत नाहीत म्हणून उणे १२ वरून ७९०५ रेग्युलेटर लावून ते काढले. प्रत्येक स्लॉटपाशी कपॅसिटर दिले, घड्याळाची लाइन बाकीच्यांपासून लांब नेली. या सगळ्यात इतका गुंतलो की कनेक्टरचं चित्र खालच्या बाजूने काढलेलं आहे हेच पाहिलं नाही. ते वरून आहे असं समजून मी ए आणि बी या पिनांच्या दोन रांगांची अदलाबदल केली. सहाही स्लॉटमध्ये.

तू म्हणशील, मीटर लावला नाहीस का? लावला रे. एक अख्खी रात्र लावला. प्रत्येक लाइन पहिल्या स्लॉटपासून सहाव्यापर्यंत बरोबर वाजली, कारण सगळे स्लॉट सारखेच उलटे होते. बी९ वर, बी रांगेतल्या नवव्या पिनेवर, १२ व्होल्ट आहेत का पाहिलं, तर होते! पण बी९ हे नाव बोर्डावर मीच छापलेलं. मी मीटर माझ्याच चित्राशी ताडून पाहत होतो. खरं कार्ड हातात घेऊन, त्याची जमीन (ग्राउंड) स्लॉटच्या जमिनीला लागते का एवढं सप्लाय बंद असताना बघितलं असतं, तर मिनिटात कळलं असतं.

आता जे सांगायला पाच महिने लागले ते सांगतो. सीपीयूचं कार्ड आधी लावायला मन धजलं नाही. ते गेलं तर दुसरं कुठून आणू, असं वाटलं आणि मी तुझं कार्ड लावलं. आधी तुझं. डी० या डेटा लाइनवर १२ व्होल्ट गेले, डी२ वर उणे १२. दोन सेकंदांत वास आला आणि बस आणि कार्ड यांच्यामधल्या ७४एलएस२४५ या चिपची पाठ फुटली.

सॉकेटवरून आपण किती भांडलो होतो, आठवतं? मी म्हणायचो, सॉकेट म्हणजे ढिल्या जोडण्यांचं घर; आयसी थेट सोल्डर करावी. तू म्हणायचास, उद्या एखादी मेली तर सगळं कार्ड खरवडशील का? तू बरोबर होतास, आणि हे मी लिहून देतोय, जपून ठेव. २४५ उपटली, नवी बसवली. त्या बिचारीने दारात उभं राहून सगळं अंगावर घेतलं होतं. कार्ड जुन्या एक्सटीच्या बोर्डात लावलं आणि सिरीयलची मुख्य चिप ८२५० हिने ३एफ८ या तिच्या पत्त्यावर उत्तर दिलं. तीन रात्री लूपबॅक, म्हणजे पाठवलेलं स्वतःकडेच परत घ्यायची चाचणी, चालवला, एकही बाइट चुकला नाही.

तरी धास्ती जात नाही. ए२ या अ‍ॅड्रेस लाइनवर ५ व्होल्ट गेले होते, तेही ८२५० ला सप्लाय नसताना. बरी दिसते, पण आतून दुखावली असेल का? तुला काय वाटतं? चिपांबाबत माझ्यापेक्षा तुझी नाडीपरीक्षा चांगली.

दादाला हे कळू देऊ नकोस. तो पुन्हा विचारील, या सगळ्यावर टीव्ही दिसतो का.

तू एस-१०० या जुन्या बसचा हट्ट धरायचास तेव्हा मी त्या बसला वेडीवाकडी म्हणायचो, आणि लाइनींच्या क्रमाबद्दल अजूनही म्हणेन. पण १९७५ च्या आल्टेअर संगणकाने त्या बसवर कच्चे ८ व्होल्ट दिले आणि प्रत्येक कार्डाला स्वतःचा रेग्युलेटर ठेवायला लावला, त्यातला शहाणपणा आता पटतो. नव्या बोर्डावर प्रत्येक स्लॉटच्या १२ च्या दोन्ही वाटांवर फ्यूज टाकतोय. फ्यूज चिपेइतका चपळ नसतो, माहीत आहे. तरी टाकतोय.

नवा आराखडा सोबत आहे. बाकी काही बघू नकोस, फक्त ए आणि बी बघ. एखादं खरं कार्ड कागदावर उभं धरून, कॉम्पोनंटची बाजू ए. तू हो म्हटल्याशिवाय बोर्ड करायला टाकणार नाही.

वहिनींची नवी नोकरी कशी चाललीय? धाकटीचा निकाल लागला असेल. तिला शाबासकी सांग.

कार्ड गुंडाळून ठेवलंय, पेन्सिलीचं ‘पास’ शाबूत आहे. पाठवू, की तू घ्यायला येतोस?

तुझाच

ता.क. मेलेली २४५ टाकवली नाही. कार्डासोबत तीही देतो.