चालायला आधी पदपथ हवा

महोदय,
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. पण चालायचे कुठे? रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, तर उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे म्हटले आहे. 'मोकळी' हा शब्द महत्त्वाचा. विजेचा डीपी, झाडाचे आळे, जाहिरातीचा खांब वजा करूनच रुंदी मोजायला हवी. दुसरी अडचण सोसायट्यांच्या फाटकांची. दर फाटकाशी पदपथ खाली उतरतो आणि गुडघे दुखणारे ज्येष्ठ ही चढउतार टाळायला सरळ रस्त्यावरून चालतात. तिथे पदपथ सलग सपाट ठेवून गाड्यांसाठी फक्त कडेला उतार द्यावा. पेव्हर ब्लॉकखालचा थर नीट दाबला नाही, तर ते पावसाळ्यात खचतात आणि पाय मुरगळतो. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. इतर महापालिकांनीही ते करावे आणि खुल्या व्यायामशाळांआधी पदपथांच्या दुरुस्तीला निधी द्यावा.

– एक वाचक, पुणे