ऑर्केस्ट्रातल्या गिटारीचे साल एका क्रमांकावरून ठरवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत निपाणी भागातल्या एका दिवंगत ऑर्केस्ट्रावादकाच्या घरी जपून ठेवलेल्या इलेक्ट्रिक गिटारीची सचित्र बातमी वाचली. बेळगाव, निपाणी, खानापूर, संकेश्वर या पट्ट्यात एके काळी गणेशोत्सवाचे मंडप ऑर्केस्ट्राने गाजत. त्या वाद्यांची दखल कुणीतरी घेतली याचे मनापासून समाधान वाटले. मात्र मथळ्यात ठळक अक्षरांत दिलेले 'सन १९६२ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर' हे विधान तपासून घ्यायला हवे होते. आधार म्हणून विकणाऱ्याने तेव्हा तोंडी सांगितलेले साल आणि मागच्या प्लेटवरचा क्रमांक एवढेच बातमीत आहे. तेवढ्यावर साल ठरत नाही. किंबहुना, आपणच छापलेले छायाचित्र या सालाच्या विरोधात साक्ष देते.

छायाचित्रात गिटारीचे डोके, म्हणजे खुंट्या असलेला भाग, मोठे आणि पसरट दिसते. फेंडर या अमेरिकन कंपनीची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आली ती लहान डोक्याची. डोके मोठे झाले ते १९६५ च्या अखेरीस. दुसरे असे की, तारा नटवरून, म्हणजे खाचा असलेल्या छोट्या पट्टीवरून, डोक्याकडे जातात तिथे मधोमध एक गोलसर धातूचे टोक चमकते आहे. नेकच्या, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याच्या, आत जी लोखंडी सळई असते, ती ताणायची वा सैल करायची जागा म्हणजे हे टोक. आधीच्या गिटारीत त्यासाठी नेक बॉडीपासून सोडवून खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावावा लागे. ही सोय डोक्याकडे आली १९७१ मध्ये. त्यामुळे तीनच शक्यता उरतात. गिटार सत्तरच्या दशकातली आहे, किंवा जुन्या बॉडीवर नंतरची नेक बसवली आहे, किंवा ती त्या घडणीची जपानी नक्कल आहे. यांतली कोणती खरी, ते ती उघडल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही.

उद्यमबागेतल्या टूलरूममध्ये माझी उमेदीची वर्षे गेली आणि आता शहापुरात जुनी वाद्ये व ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. या भागातल्या बऱ्याच जुन्या गिटारी हाताखालून गेल्या, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अशा बातमीनंतर दोन गोष्टी हमखास घडतात. ज्यांच्या माळ्यावर गिटार पडली आहे त्यांना लाखोंची स्वप्ने पडतात, आणि काही फिरते खरेदीदार दारात उभे राहून 'ही साधी जपानी आहे' म्हणत चांगले वाद्य मातीमोल भावात उचलतात. दोन्हींच्या मुळाशी एकच अडचण आहे. साल कसे वाचायचे, हे घरच्यांना माहीत नसते.

क्रमांकापासूनच सुरुवात करू. फेंडरच्या जुन्या गिटारीत क्रमांक मागच्या धातूच्या प्लेटवर ठोकलेला असे. कारखान्यात या प्लेटा पेटीत भरलेल्या असत आणि हाताला येईल ती बसवली जाई. क्रमाची शिस्त नव्हती. त्यामुळे एकाच सालच्या गिटारीत क्रमांक मागेपुढे सापडतात आणि क्रमांकावरून दोन-तीन वर्षांचा अंदाज तेवढा बांधता येतो. शिवाय प्लेट म्हणजे तीन-चार स्क्रूंचे काम. ती एका गिटारीवरून दुसरीवर जायला पाच मिनिटेही लागत नाहीत. १९७६ मध्ये क्रमांक डोक्यावर छापला जाऊ लागला. त्यात 'एस ७' म्हणजे १९७७, 'एस ८' म्हणजे १९७८ असा संकेत होता. पण छापलेल्या नेक शिल्लक राहत, म्हणून 'एस ९' असलेल्या गिटारी ऐंशीनंतरही बाहेर पडत राहिल्या.

काही कंपन्यांचे क्रमांक मात्र खरोखर बोलतात. गिब्सन या अमेरिकन कंपनीने १९७७ मध्ये आठ आकडी पद्धत सुरू केली. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, आणि मधले तीन आकडे म्हणजे त्या सालातला दिवस. समजा ७२१५८३३० असा क्रमांक आहे. तर साल १९७८, दिवस २१५ वा, म्हणजे ३ ऑगस्ट. शेवटचे तीन आकडे पाचशेच्या आत, म्हणजे कलामाझूचा कारखाना. पाचशे किंवा त्याच्या वर असते तर नॅशव्हिल. साठच्या दशकातल्या गिब्सनचे क्रमांक मात्र पुन्हा पुन्हा वापरले गेले आहेत, तिथे या हिशेबाचा उपयोग नाही. आणि डोक्यावरचे नाव नीट वाचा. कोलकात्याच्या गिवसन कंपनीच्या गिटारी आपल्याकडे घरोघर आहेत. ती वेगळी कंपनी, तिला हा हिशेब लावू नये. जपानच्या इबानेझवर १९७५ नंतर एक अक्षर आणि पुढे आकडे येतात. अक्षर म्हणजे महिना, त्यानंतरचे दोन आकडे म्हणजे साल. 'सी ७८' ने सुरू होणारा क्रमांक मार्च १९७८ चा.

क्रमांकापेक्षा आतला ऐवज जास्त खरे सांगतो. संकेश्वरच्या बाजारात बैल घेणारा माणूस मालकाचा शब्द ऐकून घेतो आणि मग बैलाचे तोंड उघडून दात बघतो, तसेच हे आहे. नेक सोडवली की तिच्या खालच्या टोकावर तारीख असते, आधीच्या काळात पेन्सिलीने लिहिलेली, १९६२ नंतर शिक्का मारलेली. हा शिक्का पुष्कळ जण चुकीचा वाचतात. '२२ एप्रिल ६८ बी' असे दिसले की २२ एप्रिल ही तारीख समजतात. त्यातला २२ हा मॉडेलचा सांकेतिक आकडा आहे, तारखेचा नव्हे. शेवटचे 'बी' म्हणजे नटजवळची रुंदी १ पूर्णांक ५/८ इंच. खरी माहिती फक्त मधली, एप्रिल १९६८. तीही नेक तयार झाल्याची. पुढे ती फळीवर काही महिने पडून मग बॉडीला लागलेली असू शकते.

दुसरी जागा म्हणजे पॉट. आवाज आणि टोनच्या बटणांखाली जे गोल डबीसारखे भाग असतात, त्यांच्या पाठीवर अमेरिकन बनावटीत आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे कंपनीचे, म्हणजे १३७ असेल तर सीटीएस आणि ३०४ असेल तर स्टॅकपोल. पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६६३३ म्हणजे सीटीएसने १९६६ च्या तेहतिसाव्या आठवड्यात, ऑगस्टच्या मध्याला केलेला पॉट. पन्नासच्या दशकातल्या पॉटवर सालाचा एकच आकडा असतो. हे आकडे पुष्कळदा सोल्डरखाली अर्धे झाकलेले असतात. कृपा करून ते खरवडू नका. बॅटरीचा उजेड तिरपा पाडला की बहुतेक वेळा वाचता येतात.

हे आकडे एवढेच सांगतात की गिटार या तारखेच्या आधीची नाही. किती नंतरची, ते सांगत नाहीत. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि १९६६ मध्ये पॉटचा प्रचंड साठा भरून ठेवला. त्यामुळे १९६९ च्या गिटारीतही ६६ चे पॉट निघतात. पॉट ६६ चे आणि नेक ६९ ची असेल, तर गिटार ६९ ची धरायची. मूळच्या भागांत जो सर्वांत नवा, त्याच्या आधी गिटार जन्मलेली असू शकत नाही.

'मूळच्या' हा शब्द इथे कळीचा आहे. ऑर्केस्ट्राची गिटार शोकेसमध्ये बसलेली नसते. ती टेम्पोतून चिकोडी-गोकाकला गेली, मंडपात पावसात भिजली, आणि पॉट खरखरू लागला की रविवार पेठेतून रेडिओचा पॉट आणून त्याच रात्री बसवला गेला. तो पॉट नवा आहे म्हणून गिटार नवी ठरत नाही. म्हणून सोल्डर बघायचे. कारखान्यातले जुने सोल्डर राखट, निस्तेज पडते आणि वायरीचे टोक एकदाच वळलेले असते. दुरुस्तीतल्या जागी सोल्डरचा ढेकूळ दिसतो, बाजूचे वायरीचे कव्हर करपलेले असते आणि जुन्या जोडाची खूण शेजारी उरते. स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) निवडायचा स्विच १९७७ पर्यंत तीन टप्प्यांचा होता, पाच टप्प्यांचा नंतर आला. पण आपल्याकडच्या वादकांनी हौसेने पाच टप्प्यांचे बसवून घेतले आहेत, तेव्हा एकट्या स्विचवरून निकाल देऊ नये. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत फेंडरमध्ये कापडी वेष्टनाची वायर असे, मग प्लास्टिकची आली. हीसुद्धा एक चांगली खूण.

गंजावरून तर वय मुळीच काढू नका. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात स्क्रू गंजायला फार वर्षे लागत नाहीत, आणि कोरड्या अथणीत जुना स्क्रूही लख्ख राहू शकतो.

आपल्या भागात खऱ्या फेंडर-गिब्सन थोड्याच. परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने होती त्या काळात असे वाद्य यायचे ते गोव्यातून, बोटीवर काम करणाऱ्यांकडून किंवा आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून. जास्त आल्या त्या जपानी. यांतल्या कितीतरी गिटारींवर क्रमांकच नसतो. मागच्या प्लेटवर 'मेड इन जपान' आणि 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' एवढेच असते. एकच कारखाना वेगवेगळ्या व्यापाऱ्यांसाठी वेगवेगळ्या नावांनी माल काढी. तिथे पिकअपची घडण, ट्रेमोलोचा (तारा सैल-ताठ करून सूर हलवणाऱ्या दांडीचा) आकार आणि जुने कॅटलॉग लावून बघावे लागतात. टिस्को कंपनी १९४६ मध्ये सुरू झाली आणि १९६७ मध्ये कावाईने ती घेतली. त्याआधीचा आणि नंतरचा माल जाणकाराला बऱ्याचदा ओळखू येतो. पण अशा गिटारीचे उत्तर '१९६४ ते ६८ च्या दरम्यान' असेच द्यावे लागते. माझ्या मते हे उत्तर पूर्ण आहे. त्यातून ओढूनताणून एक साल काढणे म्हणजे घरच्यांची आणि घेणाऱ्याचीही फसवणूक आहे. या जपानी गिटारींना कमी लेखण्याचेही कारण नाही. आपल्या भागातल्या दोन पिढ्यांनी हिंदी, मराठी, कन्नड आणि कोकणी गाणी यांवरच वाजवली.

गिटार कधी बनली ते तिच्या आत कळते. ती आपल्याकडे कधी आली ते घरातल्या कागदांत सापडते. जुन्या हँडबिलावर किंवा दुकानाच्या पावतीवर 'म्हैसूर राज्य' छापलेले असेल, तर तो कागद बहुधा १ नोव्हेंबर १९७३ च्या आधीचा, कारण त्या दिवशी राज्याचे नाव कर्नाटक झाले. पत्त्यात ५९०००१ असा पिन कोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. ऑर्केस्ट्राच्या ग्रुप फोटोत वादकाच्या गळ्यात तीच गिटार दिसत असेल आणि फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का व तारीख असेल, तर तो फार मोलाचा पुरावा आहे. फोटो चौकटीतून काढताना पाठ फाडू नका.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. त्या वाद्यांचे कारागीर, त्यांची घराणी यांची नोंद आहे. ऑर्केस्ट्राच्या वाद्यांची कुणी साधी यादीही केलेली नाही. आपल्या वृत्तपत्राने मनावर घेतले तर ती होऊ शकेल. वाचकांकडून गिटारीच्या पुढच्या-मागच्या बाजूचे, डोक्याचे आणि प्लेटचे फोटो मागवावेत, सोबत ती कुणी, कुठून, साधारण केव्हा आणली ते दोन ओळींत लिहून घ्यावे. वादक मंडळी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना आत्ताच विचारायला हवे.

निपाणीच्या त्या कुटुंबाला आपण माझा एवढा निरोप अवश्य पोहोचवावा. बातमीनंतर गिटार 'नवीकोरी' करून देतो म्हणणारे येतील. रंग देऊ नका, पॉट, खुंट्या, पिकअप काहीही बदलू देऊ नका. पूर्वी दुरुस्तीत काढलेले जुने भाग खोक्यात पडले असतील तर ते गिटारीसोबतच ठेवा. जाणकार माणसाला बोलवाल तेव्हा काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. आधी तारा सैल करायच्या, मग नेकचे स्क्रू सोडायचे, कोणता स्क्रू कुठला ते कागदावर मांडत जायचे आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा. नेकच्या टोकावरचा शिक्का आणि पॉटचे आकडे यांचे स्पष्ट फोटो हाती आले, की ते आपण याच पुरवणीत छापावेत आणि जे साल निघेल ते त्याच ठळक अक्षरांत द्यावे.

आपला,
एक वाद्यदुरुस्ती कारागीर,
शहापूर, बेळगाव