वहिनींचे बोलणे कुठे गेले?

मा. संपादक,

तुमचा अंक आमच्या गावी एसटीने येतो, म्हणजे दुपारी. एसटी चुकली की दुसऱ्या दिवशी. म्हणून सामुदायिक रेडिओ (गावाने गावासाठी चालवायचे छोटे केंद्र) आणि मानसिक आरोग्य यावरचा परवाचा लेख मी काल वाचला. लेख उत्तम आहे. ‘सक्षमीकरण’ हा शब्द सहा वेळा आला आहे, मी मोजला. लेखकमहाशय केंद्राच्या उद्घाटनाला गेलेले दिसतात, कार्यक्रम ऐकायला बसलेले दिसत नाहीत.

रेडिओशी माझे वैर नाही. परभणी आकाशवाणी ऐकतच आम्ही वाढलो. पण दोन वर्षांपूर्वी अशाच एका केंद्राची मुले आमच्या घरी आली होती. २०१५ च्या दुष्काळात माझ्या थोरल्या भावाने आत्महत्या केली. कर्ज सावकाराचे, म्हणून सरकारी मदतीची फाइल ‘अपात्र’ ठरली, ते असो. मुलांनी वहिनींसमोर माइक धरला. पोरं चांगली होती, चहा घेतला, घाई केली नाही. आणि वहिनी बोलल्या. इतक्या वर्षांत आम्हाला न सांगितलेले त्या अर्ध्या तासात बोलल्या.

शेवटच्या महिन्यात भावाला झोप नव्हती. लाइट नसताना रात्री दोनला मोटार बघायला जायचा. त्या वर्षी पोळ्याला बैलांची शिंगे रंगवली नाहीत. मनगटावरचे घड्याळ काढून लेकाला देऊन टाकले. ‘‘मला समदं दिसत होतं,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘पर इचारलं न्हाई. वाटलं, इचारलं तर नसलेलं डोक्यात यायचं.’’

संपादकसाहेब, गावोगाव हाच समज आहे. माझाही होता. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे डॉक्टर सांगतात. ते वहिनींच्या तोंडून ऐकले असते तर आमच्या पट्ट्यातल्या किती बायांनी त्या रात्री नवऱ्याला विचारले असते!

कार्यक्रम लागला सकाळी अकराला. त्या वेळी सगळे गाव कापूस वेचायला रानात. शंभर वॅटचे केंद्र, मध्ये बालाघाटची टेकडी, आणि माझ्या मोबाइलला हेडफोनची वायर लावल्याशिवाय एफएम लागत नाही. शेवटी शाळेच्या गच्चीवर चढून आम्ही ऐकले. आधी एका डॉक्टरांनी ‘नैराश्य हा भावावस्थेचा विकार’ समजावून सांगितला. आमच्याकडे नैराश्य कुणालाच होत नाही. जीव घाबरा होतो, डोकं काम करत नाही, कशात मन लागत नाही. मग वहिनींचा आवाज आला, एकच वाक्य: ‘‘सरकारच्या योजना हायेत, त्येंचा लाभ घ्यावा.’’ हे त्यांनी चहा घेता घेता सहज म्हटले होते. पुढे भक्तिगीत.

मी केंद्रात फोन केला. उत्तर मिळाले, ‘‘ताई फार रडत होत्या, निगेटिव्ह वाटलं असतं.’’ निदान घरासाठी मूळ रेकॉर्डिंग द्या म्हटले, तर ते डिलीट झालेले. २००६ च्या धोरणाने ही केंद्रे स्वयंसेवी संस्थांना खुली झाली ती गावाने स्वतः बोलावे म्हणून, असे मी वाचले होते. गाव बोलले तर कात्री लावतात, हे वाचनात आले नव्हते. वहिनी त्या गच्चीवर मला विचारत होत्या, ‘‘भाऊजी, म्या येवढं बोल्ले, ते कुठं गेलं ओ?’’

आता तुमच्याविषयी. त्या लेखात ‘हेल्पलाइनचा लाभ घ्यावा’ असा सल्ला आहे, नंबर नाही. मीच देतो: टेली मानस, १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येते. आणि त्याच अंकात तिसऱ्या पानावर एका शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आहे. कशाने, कुठे, किती वाजता, सगळे तपशील, वर फोटो. असे छापू नये म्हणून प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच सांगितलेले आहे. माझ्या शाळेतली चौथीची पोरे तुमचे तिसरे पान मोठ्याने वाचतात.

तेव्हा पुढच्या वेळी तसली बातमी आली तर तपशील गाळा आणि खाली १४४१६ छापा. कुकरच्या कूपनचा आकडा ज्या टायपात छापता, त्याच टायपात.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक
बालाघाटचा डोंगरपट्टा, मराठवाडा