लंडनला जाताय तर एवढं ऐक

पुणे, ८ मार्च

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन ठेवला आणि झोपेपर्यंत लंडनच डोक्यात होतं. मे महिन्यात जाताय, काकूंनाही नेताय, ऐकून फार बरं वाटलं. टॉवर ब्रिज, राजवाडा, नदीकाठचं ते मोठं चाक, सगळं तुझ्या यादीत आहेच, ते बघाच. पण आठवड्यातले दीड-दोन दिवस रिकामे ठेव. तिथल्या दोन वर्षांत सुट्टीच्या दिवशी माझे पाय पुन्हा पुन्हा जिकडे वळायचे, त्या जागा तुझ्या यादीत नाहीत आणि त्यांतल्या एकीलाही तिकीट नाही.

पहिली जागा, पोस्टमन्स पार्क. सेंट पॉल्स स्टेशनवर उतरा, पाच मिनिटांची चाल. बाग एवढीशी, बँकांच्या इमारतींमध्ये दडलेली. जवळच पोस्टाचं मुख्य कार्यालय होतं, तिथले कर्मचारी दुपारी डबा खायला इथे येत, म्हणून हे नाव पडलं. आत एका बाजूला लाकडी पडवी आहे. तिच्या भिंतीवर चिनीमातीच्या फरशा बसवल्यात आणि प्रत्येक फरशीवर कुणाला तरी वाचवताना जीव गेलेल्या साध्या माणसाचं नाव. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स नावाच्या चित्रकाराने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, पेपरात पत्र लिहून सुचवलं की अशा माणसांचं स्मारक करा. कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी १९०० साली त्याने स्वतःच ते उभं केलं.

ॲलिस आयर्सची फरशी शोध. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मजुराची मुलगी. २४ एप्रिल १८८५ ला युनियन स्ट्रीटवरच्या पेटलेल्या घरातून तिने तीन मुलांना वाचवलं आणि स्वतः गेली. तिच्या बापाचं काम काय होतं तेही फरशीवर लिहिलंय, ते वाचताना मी दर वेळी थांबायचो. दुसरा एक थॉमस सिम्पसन, हायगेटच्या तळ्यावरचा बर्फ फुटला तेव्हा माणसं बाहेर काढून काढून थकव्याने मेला. सगळ्यात अलीकडची फरशी २००९ सालची, कालव्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवणाऱ्या ली पिटची. तिथे घाई करू नका. बाकावर बसा, काकूंना एकेक फरशी मराठीत सांग. त्यांनी आयुष्यभर शाळेत मुलांना धडे शिकवलेत, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त भिडेल.

तिथून चालत किंवा बसने मॉन्युमेंट स्टेशनच्या पलीकडे या. सेंट डन्स्टन इन द ईस्ट नावाचं जुनं चर्च आहे. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात छप्पर गेलं, भिंती आणि मनोरा तेवढा राहिला. ते पुन्हा बांधायच्या भानगडीत न पडता तिथे बाग केलीय. बिनकाचांच्या उंच कमानींतून वेली आत आल्यात, मध्ये छोटं कारंजं. टॉवर ऑफ लंडन बघून आलात की दहा मिनिटांवर आहे, डबे तिथेच उघडा.

दुसऱ्या दिवशी होल्बर्न. लिंकन्स इन फील्ड्स या मैदानाच्या कडेला सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर आहे. बँक ऑफ इंग्लंडची इमारत ज्याने वाढवली तो हा. त्याने १८३३ साली थेट संसदेत कायदाच करून घेतला, की आपल्यामागे घर जसंच्या तसं ठेवायचं. तळघरात सेती या इजिप्तच्या राजाची दगडी शवपेटी आहे. दोन हजार पौंड ब्रिटिश म्युझियमला जड वाटले, ते सोनने मोजले. चित्रांच्या खोलीत भिंतीच कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि आत आणखी चित्रं. खोल्या अरुंद आहेत, मोठी बॅग नेऊ नकोस, आणि वार बघून जा, रोज उघडं नसतं.

बाहेर आलास की मैदानाच्या दुसऱ्या टोकाशी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. बाबासाहेबांचं कॉलेज. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. मग मुंबईत सिडनहॅममध्ये शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० साली ते परत इथे आले.

तिथून ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, चॉक फार्मला जा. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ साली ते या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. रस्ता शांत, घर शेजारच्या घरांसारखंच, दाराशेजारी निळी गोल पाटी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस होता. पाटीखाली कुणीतरी निळ्या कागदात गुंडाळलेली फुलं ठेवली होती, कागद भिजून त्याचा रंग पायरीवर उतरला होता. आत न जाता मी बराच वेळ फाटकाशीच उभा राहिलो. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध लिहिणारा तिशीतला माणूस रोज याच रस्त्याने जायचा, एवढंच मनात येत होतं. आपण दोघांनी त्यांच्याबद्दल कॉलेजात किती वाद घातले, आठवतंय ना? तिथे तू बरोबर हवा होतास.

मागेच प्रिमरोझ हिल आहे. चढ बेताचा आहे, पण काकूंचे गुडघे बघता सावकाश चढा, वाटेत बाकं आहेत. वरून सगळं शहर दिसतं. थर्मासमध्ये चहा न्या, वर वारा फार असतो, काकूंना शाल विसरू नका.

तिकिटांच्या तारखा पक्क्या झाल्या की कळव. आणि ॲलिसच्या फरशीचा फोटो पाठव, माझा जुन्या फोनबरोबर गेला.

काकूंना नमस्कार, वहिनींनाही.

तुझा,
मिलिंद