‘बरे केले’ की ‘तारले’?

संपादक महोदय,

बायबलच्या नव्या करारातील (येशू व त्याच्या शिष्यांविषयीच्या भागातील) रोगमुक्तीच्या कथांवर वाद झडतो तो बहुधा एकाच प्रश्नावर: हे खरेच घडले का? त्या लिहिणाऱ्यांना काय सांगायचे होते, हे मागे पडते. याला थोडेसे कारण भाषांतराचेही आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूचरित्राच्या, ५व्या अध्यायात १२ वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीला येशू म्हणतो, ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे.’ लूकच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या स्त्रीला तो म्हणतो, ‘तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे.’ मूळ ग्रीकमध्ये हे शब्द दोन्हीकडे अगदी तेच आहेत. क्रियापद ‘सोझो’, म्हणजे वाचवणे, सोडवणे. दुसऱ्या स्त्रीच्या आजाराचा तर उल्लेखही नाही. मराठीत प्रसंगानुसार दोन शब्द आले आणि वाचकाच्या हातून धागा सुटला.

लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी ‘शुद्ध’ होतात. ‘सोझो’ मात्र परत येऊन आभार मानणाऱ्या एकट्या शोमरोन्यालाच, म्हणजे परक्या मानल्या गेलेल्या शोमरोन प्रांतातल्या माणसालाच, लाभते. त्वचा दहाही जणांची सुधारली होती, हे लक्षात घ्यावे.

‘शुद्ध’ हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या नियमग्रंथाच्या १३–१४ अध्यायांत त्वचेवरचा हाच डाग कापडावर आणि घराच्या भिंतीवरही पडतो. म्हणजे आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो, तो हा नव्हे. डाग गेला तरी माणूस लगेच घरी जात नसे. याजकाने (पुरोहिताने) वस्तीबाहेर येऊन तपासायचे, दोन पक्ष्यांपैकी एक मारून दुसरा मोकळा सोडायचा, सात वेळा शिंपडायचे. मग मुंडण, स्नान, सात दिवस तंबूबाहेर, सातव्या दिवशी पुन्हा मुंडण आणि आठव्या दिवशी अर्पण. येशू बऱ्या झालेल्या माणसाला ‘जाऊन याजकाला दाखव’ असे सांगतो ते यासाठी. त्याची जागा त्याला लोकांत परत मिळायला हवी होती.

बरे होणे आणि तारले जाणे यांतला हा फरक सुटला की घातक अर्थ निघतो: बरा झाला नाहीस, म्हणजे तुझा विश्वास कमी पडला. आजाऱ्याला असे ऐकवणे क्रूर आहे, आणि ग्रंथाला धरूनही नाही. मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडणाऱ्यांचा विश्वास येशू पाहतो. योहान ५ मधल्या ३८ वर्षे आजारी माणसाला आपल्याला कोणी बरे केले हेही ठाऊक नसते. योहान ९ मध्ये शिष्य विचारतात, हा जन्मांध झाला तो कोणाच्या पापामुळे? याच्याही नाही आणि आईबापांच्याही नाही, असे उत्तर मिळते. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे आपली व्यथा, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली; काटा राहिला. पौलाचा सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला मिळतो, आणि दुसरा सहकारी त्रफिम मिलेत या शहरात आजारीच मागे राहतो. त्यांच्या विश्वासाबद्दल तिथे एक शब्दही वावगा नाही.

— एक वाचक