तबेल्यातील दर्पावर फिनेल हा उपाय नव्हे

संपादक महोदय,

माथेरानसारख्या वाहनबंदी असलेल्या गावात घोडा हेच अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचे साधन आहे. त्यामुळे दुर्गंधीची चर्चा निघताच घोडेच हटवा असा सूर लावणे अन्यायाचे आहे. मात्र अश्वपालांनीही फिनेल शिंपडून समाधान मानू नये. घोडा दिवसाकाठी कित्येक लिटर मूत्र टाकतो, त्यातील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते आणि डोळ्यांना झोंबणारा हा वायू जमिनीलगत सर्वाधिक दाट असल्याने मान खाली घालून चारा खाणाऱ्या जनावराच्या श्वासनलिकेला त्याचा त्रास आपल्याआधी होतो.

चुन्याची फक्की मारण्याची जुनी सवयही सोडलेली बरी. विझवलेल्या चुन्याने ओला पेंढा अधिक अल्कधर्मी होऊन अमोनिया उलट जोमाने सुटतो. कातडीचा दाह होतो तो वेगळाच. त्याऐवजी घोडा बाहेर काढल्यावर ओला पेंढा तळापर्यंत खरवडून काढावा, जमीन सुकू द्यावी, ओल राहिलेल्या जागी अमोनिया धरून ठेवणाऱ्या झिओलाइट या खनिजाची भुकटी किंवा कृषी सेवा केंद्रात मिळणारे सुपर फॉस्फेट खत पातळसे भुरभुरावे आणि ते तोंडात जाऊ नये म्हणून वर भुशाचा जाड थर द्यावा. (अशा पेंढ्याचे खतही अधिक कसदार होते.) पावसाळ्यात चहूबाजूंनी ताडपत्री आवळून बांधण्याची पद्धत तर घातकच, छताखाली हवेला वाट हवी.

उताराची फरशी आणि मूत्रासाठी बंदिस्त टाकी हा खर्च मात्र एकट्या अश्वपालाला पेलणारा नाही. तो नगरपरिषदेने उचलावा, ही विनंती.

– एक वाचक, नेरळ