शेतकऱ्याला विचारल्याशिवाय जप्ती नको: विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दारात जमले. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी हेच झाले. ज्या सावकाराने कागद काढून दिले, त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही. कागद मात्र जाळले. या उठावानंतर चार वर्षांनी एक कायदा आला. कोर्टाने शेतकऱ्याला बोलावून त्याची जबानी घ्यायची, ही त्यातली तरतूद आपण पुन्हा आणावी, यासाठी हे पत्र.

राग कागदावर का निघाला, हे कळायला कोर्टाची त्या वेळची रीत पाहावी लागते. १८५९ साली दिवाणी प्रक्रिया संहिता आली आणि त्याच साली मुदतीचा कायदाही आला. साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावलाच पाहिजे, असे त्याने ठरवले. जुनी देणी उकरून काढू नयेत, हा हेतू चांगलाच होता. झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात चढे. समजा, दरसाल दरशेकडा २४ ने १०० रुपये घेतले. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ रुपयांचा, आणखी तीन वर्षांनी २९६ च्या घरात. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता: मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी मागता येत नसे. मुंबई उच्च न्यायालयानेही तो मानला होता. पण रोखाच नवा झाला की कोर्टापुढचे मुद्दल २९६. शेतकऱ्याच्या हातात मुळात किती पडले, हे कोर्ट विचारत नसे, आणि सांगायला तोही समोर नसे. समन्स पोचलेच तर कोर्टाच्या गावी जाण्यात दिवस मोडायचा, वर वकिलाचा खर्च. तो जात नसे, एकतर्फी हुकूमनामा होई. मग जप्ती, मग लिलाव.

इंग्रजी कोर्टांच्या आधी सगळे आलबेल होते, असे मी म्हणणार नाही. पेशवाईत दोन्ही पक्ष पंचायतीपुढे राजीनामा लिहून देत, निवाडा मान्य करण्याची कबुली म्हणून. पंच ओळखीचे असत, व्यवहाराची त्यांना माहिती असे. पण सावकाराचे माणूस दारात धरणे धरून बसे, आणि पंचांपुढे प्रत्येक जातीच्या माणसाचा शब्द सारखा तोलला जात नसे. पेशवाईनंतर आलेला इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन, त्याला पंचायत टिकवायची होती. तरी कोर्टातून जप्तीचा हुकूम मिळतो म्हटल्यावर सावकार पंचांकडे कशाला जाईल? कायद्यापुढे सगळे सारखे, हे तत्त्व नव्या कोर्टांनी आणले आणि ते मोलाचे आहे. मात्र खटल्यातली एक बाजू रोखा लिहिणारी होती आणि दुसरी त्यावर नुसता अंगठा उठवणारी, याकडे त्या कोर्टांनी पाहिले नाही.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाला हा दोष दिसला, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा, आला. कोर्टाने ऋणको शेतकऱ्याला बोलावून त्याची जबानी घ्यायची, रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहार पहिल्यापासून तपासायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे, व्याजावर व्याज धरायचे नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. छोट्या दाव्यांसाठी गावमुन्सफ, म्हणजे गावपातळीवरचे न्यायाधीश, नेमायचे. न्यायमूर्ती रानडे यांनी वर्षानुवर्षे याच कायद्याखाली काम केले, फिरून खालच्या कोर्टांची दप्तरे तपासली. पळवाटा निघाल्याच. गहाणाच्या जागी सावकार खरेदीखत करून घेऊ लागले, आणि त्यासाठी कायद्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागली. तरीही परक्या सरकारने आपलीच कोर्टे अन्यायाचे हत्यार झाली हे ओळखले आणि रीत बदलली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

महोदय, मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. मध्यंतरी एक शेतकरी बाई जाड पाकीट घेऊन आल्या. ते त्यांनी फोडलेच नव्हते. आत परराज्यातल्या शहरात बसलेल्या लवादाचा, म्हणजे कोर्टाबाहेर तंटा सोडवायला नेमलेल्या माणसाचा, निवाडा होता, सगळा इंग्रजीत. सोबत मूळ करारनामा, पानोपानी त्यांची सही. कर्ज किती घेतले आणि हप्ते किती भरले, हे त्यांनी मला तोंडी न अडखळता सांगितले. निवाड्यात मात्र त्यांचे एकही वाक्य नव्हते, कारण त्या तिथे हजरच नव्हत्या. एकाच पक्षाने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. पण ते सांगायला कुणीतरी कोर्टात उभे राहावे लागते, आणि तोवर जप्ती दारात येते.

हे केंद्राचे काम, असे उत्तर आपल्या खात्याकडून येईल. पण लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार, कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तिच्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला तिच्यात दुरुस्ती करता येते. शेतकऱ्याची अवजारे, जनावरे आणि बी-बियाणे जप्त करू नये, असे याच संहितेचे कलम ६० आजही सांगते. म्हणजे शेतकऱ्यासाठी वेगळा नियम करणे संहितेला नवे नाही.

माझी मागणी अशी. शेतकऱ्याविरुद्ध पैशाच्या वसुलीचा हुकूमनामा किंवा निवाडा अंमलबजावणीला आला, तर जप्तीआधी कोर्टाने त्याला समक्ष बोलवावे, मराठीतून जबानी घ्यावी आणि मुद्दल, भरलेले हप्ते, व्याज व दंड यांचा वेगवेगळा हिशेब धनकोकडून मागावा. धनको खाजगी सावकार असो, बँक असो की वित्त कंपनी. त्याच्या जोडीला, न्यायाधीशाने गावात जाऊन काम चालवावे यासाठी संसदेने २००८ साली केलेला ग्रामन्यायालयांचा कायदा आहेच. आपल्या राज्यात ही न्यायालये मोजक्याच ठिकाणी आहेत. ज्या चार जिल्ह्यांपासून १८७९ चा कायदा सुरू झाला, तिथल्या प्रत्येक तालुक्यात निदान ती आधी सुरू करावीत.

दुरुस्तीचा मसुदा करायला मी आणि माझे काही सहकारी वकील विनामोबदला बसायला तयार आहोत. विधी खात्यात कुणाला भेटावे आणि केव्हा, एवढे कळवावे.

आपला नम्र,
तालुका न्यायालयातील एक वकील